पृथ्वीच्या पोटातलं कळलं कसं, ते पण छापा की

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पृथ्वीविज्ञानावर तुमच्या पेपरात जे काही येतं ते मी आवडीने वाचतो, म्हणूनच हे लिहितोय. दरवेळी तेच होतं बघा, कापलेल्या पृथ्वीची रंगीत आकृती, कवच, प्रावरण, बाहेरचा गाभा, आतला गाभा, बाजूला किलोमीटरचे आकडे, आणि विषय संपला. शाळेतही हेच पाठ करून घेतात. अहो पण माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं, ते 1989 मध्ये कसंबसं 12 किलोमीटरच्या पुढे गेलं, त्याच्या खाली काही जाता आलं नाही, आणि पृथ्वीचा मध्य आहे जवळपास 6370 किलोमीटर खाली. मग 2900 किलोमीटरवर वितळलेलं लोखंड आहे हे इतकं छातीठोक कोणी आणि कशाच्या जोरावर सांगितलं? मुलांना हा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर मात्र कुणी देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उत्तर खरं तर फार अवघड नाही. हेन्री कॅव्हेंडिशने 1798 मध्ये शिशाचे गोळे एकमेकांना किती ओढतात ते तारेला टांगलेल्या दांडीवरून मोजलं, आणि त्यातून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या जवळपास साडेपाचपट निघाली. वरचे खडक तर पाण्याच्या पावणेतीन-तीनपटच जड असतात, म्हणजे आत काहीतरी खूप जड असणारच. आकाशातून पडणाऱ्या उल्कांपैकी काही चक्क लोखंड-निकेलच्या असतात, तो एक मोठा धागा. बाकीचं काम भूकंपांनी केलं. भूकंपाच्या लहरी दोन जातीच्या, पी लहर ढकलत दाबत जाते आणि एस लहर आडवी हलवत जाते, आणि ही एस लहर द्रवातून जाऊच शकत नाही, कारण द्रवाला आडवं हलवलं तर तो परत जागेवर यायला बघत नाही, नुसता सरकतो. भूकंपाच्या जागेपासून साधारण 104 अंशांच्या (पृथ्वीच्या मध्याशी मोजलेल्या कोनात) पलीकडच्या भूकंपमापक यंत्रांवर सरळ येणारी एस लहर उमटतच नाही, म्हणजे वाटेत द्रव आहे. आता ही नुसती एवढी गोष्ट कळली तरी ती आकृती पाठ करावी लागत नाही!

आणि द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा आहे हे शोधलं इंगे लेमन या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ बाईंनी, 1936 मध्ये. जिथे पी लहर यायलाच नको होती अशा पट्ट्यात त्यांना क्षीण का होईना पण लहरी दिसल्या, म्हणजे आत लहरींना वळवणारं आणखी काहीतरी होतं, न्यूझीलंडच्या 1929 च्या भूकंपाच्या नोंदी त्यात होत्या. कॉम्प्युटर नव्हता, पुठ्ठ्याच्या कार्डांवर एकेका भूकंपमापन केंद्रावर लहरी पोचल्याच्या वेळा लिहून त्यांनी ती ओटमीलच्या खोक्यांत लावून ठेवली होती. किती लोकांना त्यांचं नाव माहीत आहे?

दुसरं म्हणजे हे विषय वेगवेगळ्या कप्प्यात टाकणं बंद व्हायला पाहिजे. लोखंडाचंच घ्या. विश्वाच्या सुरुवातीच्या महास्फोटातून निघालं ते हायड्रोजन, हेलियम आणि थोडंसं लिथियम, लोखंड नव्हतंच. ते ताऱ्यांमध्ये आणि ताऱ्यांच्या स्फोटात तयार झालं, आणि जड ताऱ्याच्या पोटात एकदा लोखंड साचलं की त्याच्या पुढे अणुकेंद्रांच्या मिलनातून ऊर्जा मिळत नाही, म्हणून गाभा स्वतःच्याच वजनाने कोसळतो. हे झालं खगोलशास्त्र. पृथ्वीच्या वस्तुमानाचा जवळपास तिसरा हिस्सा लोखंड आहे, त्यातलं बहुतेक वितळून खाली बसलं, आणि बाहेरच्या गाभ्यात ते सतत घुसळतं म्हणून आपल्याला चुंबकीय क्षेत्र मिळालं. हे भूगोल की भौतिकशास्त्र, मला सांगता येणार नाही आणि सांगायची गरज पण नाही.

सगळ्यात भारी भाग तर पुढेच आहे. सुरुवातीच्या समुद्रात ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, त्यामुळे लोखंड पाण्यात विरघळून राहायचं. मग सायनोबॅक्टेरिया हे अतिशय छोटे जीव सूर्यप्रकाशावर जगताना ऑक्सिजन सोडायला लागले, त्या ऑक्सिजनशी लोखंडाची रासायनिक क्रिया होऊन ते न विरघळणारं झालं आणि तळाला बसलं, त्याचाच पुढे खडक झाला. तो खडक जवळून बघितला तर लाल-करड्या बारीक पट्ट्या एकावर एक दिसतात, कुठे कुठे बोटाच्या जाडीपेक्षाही कमी, एक पट्टी लोखंडाच्या ऑक्साइडची आणि एक सिलिकाची. जगातलं लोहखनिज मुख्यतः याच खडकांतून निघतं. समुद्रातलं लोखंड असं ऑक्सिजन खात होतं तोवर हवेत फारसा उरत नव्हता, हवेत तो टिकायला लागला सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. आज आपण श्वास घेतो तो ऑक्सिजन रक्तात पकडतं तेही लोखंडच, हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार अणू. रसायन आणि जीवशास्त्र दोन्ही यात आलं.

म्हणून विनंती एवढीच, पेपरात असं एकेक मूलद्रव्य धरून लिहायला लावा, लोखंड झालं की कार्बन घ्या. आणि मोठ्या भूकंपाची बातमी देताना तीव्रतेच्या आकड्यासोबत त्याच्या लहरी जगातल्या कुठल्या केंद्रावर किती मिनिटांनी पोचल्या तेही छापा, पी लहर पृथ्वीच्या आरपार जायला साधारण 20 मिनिटं घेते, शाळेतली मुलं त्यावरून स्वतः गणित करतील.

आपला,
एक नियमित वाचक