इटालियन कॉफी : मुदत बाकी आहे म्हणजे ताजी आहे असं नाही

मा. संपादक,

मुंबई-पुण्यातल्या मोठ्या दुकानांत आणि ऑनलाइन इटालियन एस्प्रेसोचे, म्हणजे यंत्रात दाबाखाली काढायच्या घट्ट कॉफीचे, पुडे आता सहज मिळतात. लावाझ्झा, इली, किंबो, सेगाफ्रेदो ही नावं गिऱ्हाइकांच्या तोंडी बसली आहेत आणि पाव किलोला चांगले पैसे मोजून लोक ती घेतात. घेताना बघतात ती फक्त शेवटची मुदत. ती वर्षभर पुढची दिसली की निर्धास्त होतात. पण कॉफीच्या बाबतीत ही तारीख फार थोडं सांगते. भाजलेली कॉफी कोरडी असते, त्यामुळे ती सहसा नासत नाही आणि दोन वर्षांनीही प्यायला अपाय नसतो. चव मात्र त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. म्हणून कॉफी भरली कधी, ही तारीख गिऱ्हाइकाला ठळक दिसली पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी नियम काय आहे ते पाहू. आयात खाद्यपदार्थांबाबतच्या 2017 च्या नियमांनुसार, कस्टममधून सुटताना मालाची 60 टक्के मुदत किंवा मुदत संपायला तीन महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढं शिल्लक असावं लागतं. दोन वर्षं मुदतीच्या कॉफीला हे लावून बघा. 60 टक्के म्हणजे चौदा महिन्यांहून जास्त. तीन महिने त्याहून कमी. म्हणजे एकवीस महिने जुना पुडाही बंदरातून रीतसर बाहेर पडू शकतो. पुढे गोदाम, वितरक आणि दुकान आहेच. यात कोणी कायदा मोडत नाही. हा नियम पदार्थ खाण्यालायक राहावा म्हणून केलेला आहे, एस्प्रेसोच्या चवीचा विचार त्यात नाही.

आता चव का जाते ते. बी भाजताना तिच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पुढचे कित्येक आठवडे हळूहळू बाहेर पडत राहतो. एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस, ज्याला इटालियन लोक क्रेमा म्हणतात, तो याच वायूचा. यंत्रात 9 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट, दाबाखाली तो पाण्यात विरघळतो, कपात उतरताना दाब सुटतो आणि बारीक बुडबुडे धरतात. वायू बाहेर पडून गेला की आत प्राणवायू शिरतो. सर्वांत नाजूक सुगंध आधी उडतात, मग बीमधलं तेल खवट होऊ लागतं. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिकात सुमारे 15 टक्के तेल असतं, रोबस्टात 10 च्या आसपास. उष्णतेत हे सगळं भराभर घडतं. इटलीहून न्हावा शेव्याला येणारा कंटेनर वाटेत तापतो, आणि इथे उतरल्यावर पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढले तर विचारायलाच नको.

पॅकिंगनेही बराच फरक पडतो. विटेसारखा घट्ट, हवा काढलेला दळलेल्या कॉफीचा पुडा सर्वांत स्वस्त. पण हवा काढून बंद केलेल्या पुड्यात वायू सुटत राहिला तर पुडा फुगेल, म्हणून दळलेली कॉफी आधी काही काळ ठेवून वायू घालवावाच लागतो. तेव्हा या पुड्याकडून दाट क्रेमाची अपेक्षा ठेवू नये. मोका पॉटसाठी, म्हणजे चुलीवर ठेवायच्या इटालियन कॉफीच्या भांड्यासाठी, तो ठीक आहे. दुकानात दाबून बघा. विटेचा पुडा मऊ लागला तर हवा शिरली आहे, तो घेऊ नका. दुसरा प्रकार एकमार्गी झडप असलेल्या पिशवीचा. आतला वायू बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही, आणि भरताना नायट्रोजन सोडलेला असतो. पिशवी दाबून झडपेतून वास घ्यायची सवय पुष्कळांना असते, पण त्याने ताजेपणा कळत नाही आणि आतला सुगंध मात्र फुकट जातो. तिसरा प्रकार दाबाखाली भरलेल्या डब्याचा. ट्रिएस्टेत 1933 साली कंपनी सुरू करणाऱ्या फ्रान्चेस्को इली यांनी ही पद्धत रुजवली. डब्यात नायट्रोजनचा दाब असल्याने कॉफीचा वायू आणि सुगंध तेलातच धरून राहतात. न उघडलेला असा डबा इतर दोन्हींपेक्षा खूप जास्त टिकतो. मात्र झाकण फिरवताना फुस्स आवाज झाला की तो फायदा संपला. तिथून पुढे ती इतर कॉफीसारखीच उतरणीला लागते.

मिश्रण कशाचं आहे तेही बघावं. लावाझ्झाचं क्वालिता ओरो पूर्ण अरेबिका, क्वालिता रोसात अरेबिकाबरोबर रोबस्टा. इटलीत दक्षिणेकडे, नेपल्सच्या बाजूला, भाजणं जास्त गडद आणि रोबस्टाही जास्त. रोबस्टात तेल कमी असल्याने फेस दाट येतो आणि टिकतो. त्यामुळे रोबस्टाचं मिश्रण जुनं असलं तरी वर फेस दिसतो आणि माणूस फसतो. फेस बघून समाधान मानू नका, त्याचा रंग आणि आयुष्य बघा. ताज्या कॉफीचा फेस लालसर तपकिरी, बारीक पोताचा आणि दोनेक मिनिटं एकसंध राहणारा. जुन्या कॉफीचा फिकट पिवळसर, आणि मिनिटभरात मधोमध भोक पडतं. चवीत आधी गोडवा जातो, मग ओल्या पुठ्ठ्याची चव येते, शेवटी जुन्या खोबऱ्यासारखा खवटपणा. हे तपासायचं तर कोरी एस्प्रेसो प्या. कॅपुचिनोत दूध आणि साखर सगळं झाकतात, आणि म्हणूनच बऱ्याच कॅफेंना आपली कॉफी गेली आहे हे कळतच नाही.

यंत्रावरही ते लगेच दिसतं. इटलीच्या एस्प्रेसो संस्थेचं प्रमाण साधारण असं : 7 ग्रॅम कॉफी, 88 अंशांच्या आसपास पाणी, 9 बार दाब, 25 सेकंदांत फेसासकट 25 मिलिलिटर. ग्राइंडरला हात न लावता तेवढीच कॉफी 17-18 सेकंदांत खाली आली, तर वायू गेलेला आहे, पाण्याला अडवणारं आत काही उरलेलं नाही. एखादा टप्पा बारीक दळा किंवा अर्धा ग्रॅम वाढवा, वेळ जुळेल. सुगंध मात्र परत येणार नाही, आणि फारच बारीक दळलं तर नुसता कडूपणा वाढेल. उलट दोन-तीन दिवसांपूर्वी भाजलेली कॉफीही नको. तिच्यात वायू इतका असतो की मोठे बुडबुडे येतात आणि धार फुटते. एस्प्रेसोसाठी आठ-दहा दिवस मुरू द्यावी.

घरी पाव किलोच घ्या, एक किलोची पिशवी स्वस्त पडली तरी. उघडलेल्या बिया दोन आठवड्यांत संपवाव्यात. दळलेली कॉफी एस्प्रेसोसाठी दोन-तीन दिवसांपलीकडे अर्थाची नाही. फ्रिजमध्ये ठेवू नका, ओल आणि कालच्या भाजीचा वास दोन्ही लागतात. साठवायचीच असेल तर आठवड्यापुरत्या हवाबंद पिशव्या करून फ्रीझरमध्ये टाका. बाहेर काढलेली पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर थंड बियांवर पाणी धरतं. पावसाळ्यात कोकणपट्टीत दळलेली कॉफी तासाभरात सादळते, गुठळ्या होतात आणि एका बाजूने पाणी पळतं. तेव्हा एका कपापुरतंच दळा.

कॅफेवाल्यांनी ग्राइंडरच्या वरच्या भांड्यात दिवसाला लागतील तेवढ्याच बिया घालाव्यात आणि रात्री उरलेल्या काढून बंद डब्यात ठेवाव्यात. ते भांडं दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसावं. त्याच्या भिंतीला बसलेलं तेल खवट होतं आणि नव्या बियांना तोच वास देतं. पारदर्शक भांडं भरून दिसतं छान, पण यंत्राच्या उष्णतेशेजारी त्या बियांचं नुकसानच होतं.

भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा ग्राहक इटली आहे. चिकमगळूर, कोडगू आणि वायनाडचा रोबस्टा तिथल्या मिश्रणांना जाडी आणि फेस देतो. म्हणजे आपलीच बी समुद्रमार्गे जाते, तिथे भाजली जाते आणि काही महिन्यांनी आपल्याकडे परत येते. हिरवी, म्हणजे न भाजलेली, बी एवढा प्रवास सोसते, भाजलेली सोसत नाही. अरेबिकात 20-30 टक्के चांगला धुतलेला (फळाचा गर पाण्याने काढून मग वाळवलेला) रोबस्टा घालून इथेच मध्यम-गडद भाजलेलं मिश्रण, पंधरा दिवसांचं असेल तर, वर्षभर जुन्या आयात पुड्यापेक्षा कपात सरस ठरतं असं आमचं ठाम मत आहे. इटालियन नावाबद्दल आकस नाही. तीच कॉफी तुरिन किंवा नेपल्समध्ये ताजी प्यायलात तर तिची थोरवी कळते.

आयातदारांकडे मागणी साधी आहे. उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख लेबलवर देणं आजही बंधनकारक आहे, पण बहुतेकदा ती आयातदाराच्या चिकटपट्टीवर, पुड्याच्या मागे, वाचता येणार नाही एवढ्या अक्षरांत असते. ती मुदतीशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. ऑनलाइन विक्रेत्यांनी मिळणाऱ्या मालाची पॅकिंगची तारीख खरेदीच्या पानावर दाखवावी. आणि गिऱ्हाइकांनी पुडा उलटा करून ती शोधावी : झडपेची पिशवी सहा महिन्यांच्या आतली, दाबाचा डबा वर्षाच्या आतला असेल तर घ्यावी, तारीख सापडलीच नाही तर दुकानदाराला विचारावी, आणि उत्तर मिळालं नाही तर पुडा परत फळीवर ठेवावा.

— कॉफी भाजण्याच्या व्यवसायातले काही जण, पुणे