कंपाइल झालं म्हणजे बरोबर आलं असं नाही

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तुझं कॉलेज सुरू. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला असला तरी पहिल्या वर्षाला गणित, फिजिक्स, ड्रॉइंग, वर्कशॉप हे सगळं असणारच. सी भाषेतलं प्रोग्रामिंग त्यातला एक विषय. पण मुलं घाबरतात ती नेमकी त्या एका विषयाला, आणि पहिल्या दोन महिन्यांतच ‘हे आपल्याला जमणारं नाही’ असं ठरवून टाकतात. तू ते ठरवू नयेस, म्हणून सविस्तर लिहिते आहे. प्रॅक्टिकलला अडशील तेव्हा हे पत्र काढून बघ.

सगळ्यात आधी एक सवय लाव. प्रोग्राम रन करण्यापूर्वी तो काय छापेल ते कागदावर लिहायचं आणि मगच एंटर दाबायचं. तुमचे शिक्षक याला ड्राय रन म्हणतील. वहीत प्रत्येक व्हेरिएबलला (किंमत ठेवायच्या, नाव दिलेल्या जागेला) एक रकाना आखायचा आणि कोडची ओळ पुढे सरकेल तशी किंमत खोडून नवी लिहायची. कंटाळवाणं काम आहे, म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि टाळतात म्हणूनच उत्तर चुकलं की कुठे चुकलं ते त्यांना सापडत नाही. तुझं उत्तर आणि मशीनचं उत्तर जुळलं तर समजलं. नाही जुळलं, तर रकान्यांची जी ओळ पहिल्यांदा वेगळी पडते तिथे चूक.

तीन विषयांच्या सरासरीचं उदाहरण घे. गुण 71, 68 आणि 75. बेरीज 214, भागिले 3, कागदावर 71.33. सी मध्ये तिन्ही गुण इंट (पूर्णांक) ठेवलेस तर उत्तर 71 येईल. मग कुणीतरी सांगेल, सरासरीचं व्हेरिएबल फ्लोट (दशांश ठेवणारं) कर. केलंस तर 71.000000 छापलं जाईल. दशांश दिसायला लागले, पण ते सगळे शून्य! कारण भागाकार आधी होतो, तो दोन इंटमध्ये होतो, आणि अपूर्णांक तिथेच गळून जातो. फ्लोटमध्ये ठेवायला उरतो फक्त 71. भाजक 3 ऐवजी 3.0 लिहिलास की भागाकारच दशांशात होतो. हे पाठ करू नकोस. कोणतं काम कोणत्या क्रमाने झालं, एवढं वहीत मांड; नियम आपोआप लक्षात राहील.

आता दुसरं उदाहरण, कारण ते जास्त फसवं आहे. फॅक्टोरियलचा (1 पासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराचा) प्रोग्राम सगळ्यांच्या जर्नलमध्ये असतो. 5 चं फॅक्टोरियल 120 आलं की मुलं खूश होऊन पुढे जातात. तू 12 देऊन बघ, 479001600 येईल, बरोबर आहे. मग 13 दे. आजच्या कंपायलरवर (तुझा कोड मशीनच्या भाषेत बदलून देणाऱ्या प्रोग्रामवर) साधारणपणे 1932053504 असा आकडा दिसेल. एरर नाही, वॉर्निंग नाही, आकडा उणेसुद्धा नाही. आणि तो साफ चूक आहे. खरं उत्तर 6227020800. इंट 32 बिटांचा (बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा), त्यात जास्तीत जास्त 2147483647 मावतात. त्यापुढे गेलं की वरचे बिट कापले जातात आणि उरलेलं तुला दिसतं.

हे कॅल्क्युलेटरशिवाय कसं ओळखायचं? 13 च्या फॅक्टोरियलमध्ये 5 आणि 10 हे दोन्ही गुणक आहेत, आणि 2 तर भरपूर. म्हणजे उत्तर 100 ने भागलं गेलंच पाहिजे, शेवटी दोन शून्यं हवीतच. 1932053504 च्या शेवटी 04 आहे. एवढ्यावरून खोटं पकडता येतं. प्रत्येक प्रोग्रामला अशी एखादी स्वतंत्र पडताळणी शोधत जा. माझ्या मते कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी सवय हीच. (लाँग लाँग हा मोठा पूर्णांक वापरलास तर गाडी 20 च्या फॅक्टोरियलपर्यंत नीट जाईल, 21 ला तिथेही उत्तर चुकेल. का, ते स्वतः काढ.)

काही लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर असतो. तिथे इंट 16 बिटांचा, मर्यादा 32767, त्यामुळे 8 च्या फॅक्टोरियललाच 40320 ऐवजी -25216 येतं. लॅबमध्ये एक उत्तर आणि घरी दुसरं आलं तर घाबरू नकोस. दोन्ही मशीन आपापल्या नियमाने बरोबरच वागत असतात. घरी मात्र जीसीसी हा आजचा कंपायलर वापर. तुझ्या लॅपटॉपची 8 जीबी रॅम पहिल्या वर्षाला पुरेशी आहे, नवीन काही घ्यायची गरज नाही. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) सुरू करून त्यात उबुंटू हे लिनक्स टाक, म्हणजे टर्मिनलची (कमांड टाइप करायच्या खिडकीची) भीती आत्ताच जाईल. टर्बो सीसाठी लिहिलेल्या पुस्तकांतले स्क्रीन पुसणारं क्लिअर-स्क्रीन आणि कळ दाबेपर्यंत थांबणारं गेट-सीएच तिथे चालणार नाहीत. ते काढून टाक. ‘व्हॉइड मेन’ दिसेल तिथे ‘इंट मेन’ लिही.

जीसीसीला दोन पर्याय कायम द्यायचे: हायफन, मोठा डब्ल्यू आणि त्याला चिकटून ‘ऑल’, आणि तसाच दुसरा, पण ‘ऑल’च्या जागी ‘एक्स्ट्रा’. हे दिल्याशिवाय कंपायलर बऱ्याच गोष्टी पोटात ठेवतो. इफमध्ये दोन बरोबर चिन्हांऐवजी एकच लिहिलं, बेरजेच्या व्हेरिएबलला सुरुवातीला शून्य दिलं नाही, कीबोर्डवरून किंमत घेणाऱ्या स्कॅनएफमध्ये अँपरसँड (& हे चिन्ह) विसरला: यांतलं बरंचसं तो वॉर्निंग म्हणून सांगतो. वॉर्निंग असतानाही प्रोग्राम चालतो, म्हणून सगळे तिकडे दुर्लक्ष करतात. तू करू नकोस. वॉर्निंग शून्य झाल्याशिवाय रनच करायचं नाही, असं ठरवून टाक.

एरर आल्या की पहिली तेवढीच वाचायची. एक सेमीकोलन राहिला की वीस एरर येतात. पहिली दुरुस्त करून पुन्हा कंपाइल केलं की बाकीच्या बहुतेक नाहीशा होतात. सेमीकोलन ज्या ओळीत राहिला तिच्याऐवजी खूपदा पुढच्या ओळीचा नंबर येतो, कारण पुढचा शब्द वाचेपर्यंत कंपायलरला काही खटकलेलंच नसतं. म्हणून दाखवलेल्या ओळीच्या वरचीही ओळ बघायची. ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणजे ते नाव आधी सांगितलेलं नाही. शंभरातल्या नव्वद वेळा स्पेलिंग किंवा कॅपिटल अक्षराचा घोळ असतो. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ वेगळं प्रकरण आहे: तिथे कंपायलरचं काम झालेलं असतं, पण जोडणी करणाऱ्या लिंकरला फंक्शनचा प्रत्यक्ष मजकूर सापडत नाही. लिनक्सवर वर्गमूळ काढताना हे हमखास होतं. कमांडच्या शेवटी हायफन-एल-एम जोडलं की गणिताची लायब्ररी जोडली जाते.

स्कॅनएफ तुला सगळ्यात जास्त छळणार आहे, तेव्हा त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. त्याला व्हेरिएबलची किंमत नको असते, मेमरीतला पत्ता हवा असतो. कुरिअरवाल्याला घरात काय सामान आहे ते कळून उपयोग नाही, घराचा पत्ता लागतो, तसंच. अँपरसँड विसरलीस तर व्हेरिएबलमध्ये पडलेला कचरा तो पत्ता समजतो, तिथे लिहायला जातो आणि बहुतेक वेळा सेगमेंटेशन फॉल्ट येतो, म्हणजे प्रोग्राम मध्येच बंद पडतो.

दुसरा घोळ असा की आकडा विचारल्यावर लगेच एक अक्षर विचारलंस, तर प्रोग्राम अक्षरासाठी थांबतच नाही, सरळ पुढे पळतो. तू 5 टाइप करून एंटर दाबलंस, स्कॅनएफने 5 उचलला, एंटर मात्र मागेच राहिला. पुढच्या स्कॅनएफला अक्षर हवं होतं, त्याने तो एंटरच अक्षर म्हणून घेतला. उपाय: अवतरणात टक्के-सीच्या (अक्षर वाचायच्या खुणेच्या) आधी एक स्पेस सोड. ती स्पेस आधीचे सगळे एंटर आणि मोकळ्या जागा गिळून टाकते. हे कारण माहीत नसलं की मुलं कुणाच्या तरी सांगण्यावरून एफ-फ्लश (साठलेलं रिकामं करणारं फंक्शन) वापरतात. इनपुटवर ते वापरलं तर काय होईल, याची सी भाषा हमी देत नाही.

अ‍ॅरेचंही तसंच. एका नावाखाली ओळीने ठेवलेल्या पाच गुणांचा अ‍ॅरे म्हणजे क्रमांक 0 ते 4. लूपमध्ये (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या कोडमध्ये) ‘5 पेक्षा लहान’ऐवजी ‘5 पेक्षा लहान किंवा बरोबर’ लिहिलंस तर सहाव्या जागेला हात लागेल, आणि सी तुला अडवणार नाही. कदाचित शेजारचं दुसरंच व्हेरिएबल बदलेल. तुझ्या लॅपटॉपवर चाललं आणि परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये पडलं, असं होतं ते यामुळे. कंपाइल करताना अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीत भलतीकडे हात गेला की पकडणारी तपासणी) चालू केलास, सोबत हायफन-जी दिलास, तर प्रोग्राम नेमक्या त्या ओळीला थांबतो.

आणि जागोजागी प्रिंटएफ (स्क्रीनवर छापणारं फंक्शन) टाकून चूक शोधत असशील, तर प्रत्येक प्रिंटएफच्या शेवटी नवी ओळ दे. छापायचा मजकूर आधी बफरमध्ये साठतो. प्रोग्राम मध्येच कोसळला तर साठलेला मजकूर बाहेर येत नाही, आणि तुला वाटतं प्रोग्राम तिथवर पोचलाच नाही. मग तासभर भलत्याच जागी शोध चालतो.

वर्गात काही मुलं बारावीला कॉम्प्युटर सायन्स घेऊन आलेली असतील. त्यांना सी प्लस प्लस येत असेल, 8085 मायक्रोप्रोसेसरही झालेला असेल. पहिल्या प्रॅक्टिकलला ती दहा मिनिटांत मोकळी होतील आणि तुझ्या मशीनवर अजून एरर असेल. त्यांना कंस कुठे द्यायचा ते माहीत आहे, एवढाच तो फरक. लूपमध्ये लूप आला, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) आलं, पॉइंटर (पत्ता ठेवणारी व्हेरिएबल) आले की पुष्कळ जण एकाच ओळीत येतात, आणि तिथे वहीत रकाने आखणारी पुढे जाते. तू मागे नाहीस गं.

इंग्रजीचीही धास्ती नको. एररमधले शब्द मोजकेच असतात आणि तेच तेच पुन्हा येतात. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचा मराठीतून अर्थ लिहीत जा. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’मध्ये सी चे पाठ मराठीतून ऐकता येतात, फुकट आहेत. संकल्पना मराठीत समजून घे, उत्तर इंग्रजीत लिही; दोन्ही चालतं. आणि सहज गंमत म्हणून, प्रोग्राममध्ये तुझं नाव देवनागरीत लिहून स्ट्रलेन या फंक्शनने त्याची लांबी मोज. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, फाइल यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत) असेल तर उत्तर येईल 12. अ, न, घ आणि काना असे चार घटक, प्रत्येकी 3 बाइट. स्ट्रलेन अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतो. तेच नाव उलटं छापायचा नेहमीचा प्रोग्राम चालवलास तर स्क्रीनवर चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतील. का येतात ते कळलं, की स्ट्रिंग (अक्षरांची माळ) म्हणजे काय हे तुला वर्गात शिकवतात त्याहून जास्त कळलेलं असेल.

एआयला विचारून जर्नल पूर्ण करणारे भेटतील. ते वापरायचंच नाही असं मी म्हणत नाही. पण पहिली दोन सेमिस्टर आधी स्वतः लिहायचं, अडलं तर ‘माझी कोणती ओळ चुकली आणि का’ असं विचारायचं. ‘दुरुस्त करून दे’ म्हणायचं नाही. लेखी परीक्षेत कोड कागदावर लिहावा लागतो आणि ओरलला ‘ही ओळ काढली तर काय होईल’ असं विचारतात. आयता कोड आणलेल्याची तिथेच केटी लागते, म्हणजे विषय राहतो. समोरचा कोड कॉपी-पेस्ट न करता स्वतः टाइप केलास तरी निम्म्या गोष्टी लक्षात येतात.

गणित सोडू नकोस. गणितातलं विगमन (मॅथेमॅटिकल इंडक्शन) आणि रिकर्शन एकाच विचाराची दोन रूपं आहेत. आणि वेग मोजायलाही गणितच लागतं: 1 लाख आकडे चढत्या क्रमाने लावायचे तर बबल सॉर्ट या पद्धतीने सुमारे 500 कोटी तुलना, मर्ज सॉर्ट या पद्धतीने साधारण 17 लाख. मशीन तेच, भाषा तीच.

रोज एक तास पुरे, रविवारी एकदम सात तास नकोत. एकाच ठिकाणी पाऊण तास अडलीस तर उठ आणि विचार. कुणालाही विचारताना चार गोष्टी समोर ठेव: चूक दिसेल इतकाच छोटा कोड, दिलेलं इनपुट, तुला अपेक्षित असलेलं उत्तर, आणि प्रत्यक्षात आलेलं उत्तर किंवा पहिली एरर जशीच्या तशी. मोबाइलवर स्क्रीनचा तिरपा फोटो काढून पाठवू नकोस, मजकूर कॉपी करून पाठव. कोड छोटा करता करताच निम्म्या वेळा चूक तुझी तुलाच दिसेल. नाही दिसली, तर त्या चार गोष्टी घेऊन मला रात्री नऊनंतर केव्हाही फोन कर.

तुझी,
आई