तुंबलेला डिशवॉशर आणि जॉब शीटवरचा चुकीचा शेरा

सिंहगड रस्ता, पुणे
दिनांक : 26 मे 2025

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : डिशवॉशर तुंबल्याचे कारण जॉब शीटवर ‘ग्राहकाची हयगय’ असे चुकीचे नोंदवल्याबद्दल व मूळ जोडणीतील दोषाबद्दल

महोदय,

आपल्या कंपनीचा 13 प्लेस सेटिंगचा डिशवॉशर आम्ही 2023 च्या दिवाळीत घेतला. 16 नोव्हेंबरला आपल्याच माणसाने तो बसवून दिला. दोन वर्षांची वॉरंटी अजून चालू आहे. 6 मे रोजी रात्री मशीन मध्येच थांबले. पाणी बाहेर जात नसल्याची खूण पडद्यावर आली होती आणि दार उघडले तर तळाशी चार बोटे करडे, आंबूस वासाचे पाणी साचलेले होते. तक्रार त्याच रात्री नोंदवली, तंत्रज्ञ आले 10 मे रोजी. मधल्या दिवसांत सहा माणसांची भांडी हाताने घासली, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. मे महिन्यात कामाचा ताण असतो हे मी समजू शकते. तक्रार आहे ती पुढे जे झाले त्याची.

तंत्रज्ञांनी खालचा रॅक काढला आणि गाळणी फिरवून वर घेतली. तिच्यात मोहरीचे चार-पाच दाणे आणि कढीपत्त्याचा एक तुकडा होता. तेवढे पाहून ते म्हणाले, “तुम्ही खरकटं तसंच आत टाकता. पंप गेलाय.” पंपावरचे झाकण त्यांनी उघडले नाही. मशीन पुढे ओढून नळी पाहिली नाही. सिंकखालच्या कपाटाचे दार तर उघडलेसुद्धा नाही. वीस मिनिटांत जॉब शीट भरली, तिच्यावर ‘अन्नकण अडकून पंप खराब, ग्राहकाची हयगय, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा मारला, व्हिजिटचे 650 रुपये घेतले आणि नव्या पंपाचे 4,850 रुपये होतील असे सांगितले. जाताना, आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी ओट्यापाशी उभ्या असताना, ते म्हणाले, “कामवाल्या बायकांच्या हातात मशीन दिलं की असंच होणार.”

त्याच संध्याकाळी ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा संदेश माझ्या फोनवर आला. त्या वेळी मशीनच्या तळाशी तेच चार बोटे पाणी होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या प्लंबरना बोलावले. आधी मशीनचे बटण आणि पाण्याचा नळ बंद केला. साचलेले पाणी वाटीने आणि उरलेले स्पंजने टिपून काढले. पंपावरचे झाकण उघडले. आतली छोटी चक्री स्वच्छ होती, तिच्यात ना दाणा होता ना काचेचा तुकडा. चमच्याच्या दांडीने फिरवली तर ती टप्प्याटप्प्याने, हलके झटके देत फिरली. आत चुंबक असल्यामुळे ती अशीच फिरते, हे प्लंबरनी समजावून सांगितले. मग त्यांनी सिंकखालून सांडपाण्याची नळी सोडवली, तिचे तोंड वर सिंकमध्ये धरले, मशीनमध्ये दोन तांबे पाणी ओतून पाणी काढण्याचा प्रोग्रॅम लावला. पाणी जोरात वर येऊन सिंकमध्ये पडले. जो पंप गेला म्हणून आम्हाला 4,850 रुपये सांगितले होते, त्याच पंपाने ते पाणी ओट्याच्या उंचीपर्यंत चढवले. त्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. कृपया तो पूर्ण पाहावा.

अडथळा होता सिंकच्या बॉटल ट्रॅपवर, म्हणजे सिंकखाली सांडपाण्याच्या वाटेवर असलेल्या बाटलीसारख्या भागावर, आपल्या माणसाने जोडणी केली त्या तोटीत. ही तोटी मुळात बंद येते आणि नळी जोडण्यापूर्वी तिचे टोक पूर्ण कापावे लागते. आपल्या माणसाने तिला जेमतेम पेन्सिल जाईल एवढे भोक पाडून वर नळी चढवली होती. दीड वर्ष सगळे सांडपाणी त्या भोकातून जात होते. भोकाभोवती मेणासारखी पिवळट पांढरी चरबी साठली होती, तिच्यात भाताची शिते रुतली होती आणि शेवटी भोकच बुजले. शिवाय नळी कपाटाच्या तळावर आडवी लोळत होती. आपल्याच पुस्तिकेतील आकृतीत ती आधी वर, ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत नेऊन मग खाली वळवलेली दाखवली आहे. ती तशी नसल्यामुळे सिंकमध्ये हाताने घासलेल्या कढईचे तेलकट पाणीसुद्धा उलटे नळीत शिरत होते. चुण्यांच्या नळीत असे पाणी थांबले आणि गार झाले की त्याचा थर बसणारच.

प्लंबरनी तोटी पूर्ण कापली, नळी गरम पाण्याने धुतली, वर उचलून पट्टीने बांधली आणि 400 रुपये घेतले. त्या दिवसापासून आजपर्यंत मशीन रोज चालते आहे. एकदाही अडलेले नाही. पंप तोच आहे.

इशारे आधीही मिळत होते, ते मला तेव्हा ओळखता आले नाहीत. गेल्या हिवाळ्यापासून पाणी बाहेर जाताना सिंकमध्ये गुडगुड आवाज यायचा. सकाळी दार उघडले की वास यायचा. पेल्यांच्या तळाशी बारीक रेती बसावी तसे काहीतरी राहायचे. हे सगळे मी फेब्रुवारीत फोनवर सांगितले होते. तेव्हा क्षार काढायच्या पावडरीची दोन पाकिटे घ्या, एवढेच उत्तर मिळाले. मी ती घेतली आणि वापरली. वास आठवडाभर कमी झाला आणि पुन्हा आला. त्या दिवशी कोणी एकाने जरी ‘ताई, सिंकखालची नळी कशी जोडली आहे ते बघा’ असे सांगितले असते, तरी मे महिन्यातला प्रसंग आला नसता.

पाण्याचाही मुद्दा आहे आणि तो या तुंबण्याशी जोडलेला आहे. आमच्याकडे महापालिकेचे पाणी पुरत नाही. डिसेंबरनंतर बोअर आणि टँकर यांवरच भागवावे लागते. सोसायटीने एप्रिलमध्ये करून घेतलेल्या तपासणीत पाण्याची कठीणता लिटरला 480 मिलिग्रॅम आली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तरच 600 पर्यंत सूट आहे. मशीनमध्ये पाणी मऊ करणारा भाग असतो आणि त्याला वेळोवेळी मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. ते किती वेळा, हे ठरवणारा आकडा आपल्या पाण्याप्रमाणे लावायचा असतो. आपल्या पुस्तिकेत त्यासाठी कठीणता मोजण्याच्या जर्मन अंशांचा तक्ता आहे. त्या हिशेबाने 480 म्हणजे सुमारे 27 अंश होतात. मी तपासले तेव्हा मशीन कारखान्यातून आले त्याच आकड्यावर होते, म्हणजे आमच्या पाण्याच्या निम्म्याहूनही कमी कठीणतेसाठी लावलेले. बसवणाऱ्याने पाणी कुठले येते, हा एक प्रश्न विचारला नव्हता. मीठ भरले, ‘आता बघायला नको’ म्हणाले आणि गेले. दीड वर्ष काचेच्या पेल्यांवर पांढरा धूसर थर का येतो, हे मला कळत नव्हते. असल्या पाण्यात तेल आणि साबण मिळून जो चिकट साका होतो, तोच नळीत आणि तोटीत बसत गेला.

आता ‘हयगय’ या शब्दाबद्दल.

मावशींनी हे मशीन शिकून घेतले आहे. त्या ताटातले खरकटे ओल्या कचऱ्याच्या डब्यात काढतात. डाळीच्या पातेल्याला चिकटलेली साय हाताने सोडवतात. कोथिंबिरीच्या काड्या, मिरचीचे देठ, लिंबाच्या बिया आत जाऊ देत नाहीत. लोखंडी तवा, पितळी तांब्या आणि हिंडालियमची कढई मशीनमध्ये लावायची नाही, हे त्यांनी मला एकदाच विचारले आणि पुन्हा कधी चुकल्या नाहीत. दर तिसऱ्या दिवशी त्या गाळणी काढून जुन्या टूथब्रशने नळाखाली धुतात. महिन्यातून एकदा पाणी फवारणारे वरखालचे दोन्ही पंखे काढून त्यांच्या भोकांत अडकलेली मोहरी टाचणीने काढतात. दाराच्या खालच्या कडेचे रबर ओल्या फडक्याने पुसतात. गाळणी धुतली की त्या तारखेवर कालनिर्णयात एक टिंब काढतात, दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींशेजारी. जानेवारी ते मे या पाच पानांचे फोटो सोबत आहेत. 10 मे रोजी गाळणीत जे चार-पाच दाणे दिसले ते त्या शेवटच्या, अर्धवट राहिलेल्या फेरीचे होते. गाळणीत दाणे अडकणे म्हणजे गाळणीने तिचे काम करणे.

फोडणी देणाऱ्या घरात मोहरी असणारच. आपण हे मशीन भारतीय स्वयंपाकासाठी, कढई-मसाल्यासकट, म्हणून जाहिरात करून विकता. मग मोहरीचा दाणा सापडला म्हणून वॉरंटी नाकारणे मला मान्य नाही.

माझी पहिली मागणी अशी की जॉब शीटवरचा ‘ग्राहकाची हयगय’ हा शेरा रद्द करून ‘जोडणीतील दोष’ अशी नोंद करावी आणि दुरुस्त प्रत मला लेखी द्यावी. उद्या खरोखर पंप गेला तर हाच शेरा आमच्यापुढे धरला जाईल, म्हणून याला पैशांपेक्षा जास्त महत्त्व आहे. व्हिजिटचे 650 आणि प्लंबरचे 400 असे 1,050 रुपये परत मिळावेत. आपल्या जाणत्या तंत्रज्ञाने येऊन संपूर्ण जोडणी एकदा तपासून द्यावी. ज्या माणसाने आमच्याकडे मशीन बसवले त्याने या भागात आणखी घरांत बसवले असणार. तिथल्या तोट्याही पाहून घ्याव्यात, ही विनंती. आपली पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे. गाळणी, मीठ, पंखे आणि नळी यांपुरते एक पान मराठीत छापून दाराच्या आत चिकटवता येईल असे द्यावे. मशीन रोज ज्यांच्या हातात असते त्यांना ते वाचता आले पाहिजे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. त्या कायद्याने मला माझ्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते.

आणखी एक. तंत्रज्ञ गेल्यावर मावशी मला म्हणाल्या, “ताई, माझ्या हातून मोडलं असेल तर पगारातून कापा.” प्लंबरनी तोटी कापून दाखवली तेव्हा मी त्यांना मुद्दाम बोलावून ते भोक दाखवले. त्यांनी पाहिले, काही बोलल्या नाहीत आणि कामाला लागल्या. जे बोलले गेले ते आपल्या कंपनीच्या गणवेशातल्या माणसाने, आमच्या स्वयंपाकघरात उभे राहून बोलले. जोडणी तपासायला आपला माणूस येईल तेव्हा त्याने आधी मावशींची माफी मागावी. त्या सकाळी साडेनऊ ते अकरा घरी असतात. भेटीची वेळ तीच ठरवावी.

आपली,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, 16 नोव्हेंबर 2023 ची बसवणीची पावती, 10 मे 2025 ची जॉब शीट, प्लंबरची पावती, कापलेल्या तोटीचे फोटो, व्हिडिओ, सोसायटीचा पाणी तपासणी अहवाल, कालनिर्णयाच्या पाच पानांचे फोटो