कर्नाटकच्या किनाऱ्यावर, मुल्कीला सर्फिंग शिकायला निघालेल्या ऋचास

इंदूर

चि. ऋचास अनेक आशीर्वाद.

काल मी परत रिप करंटचं, किनाऱ्यापासून आत ओढून नेणाऱ्या प्रवाहाचं, काढलं आणि तू “आई, बस ना!” म्हणून फोन ठेवलास. पत्रात तरी मला मधेच अडवता येणार नाही.

सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यातच राहा, फुटून फेस झालेल्या लाटांवर. बोर्ड ८-९ फुटी, फोमचाच माग. छोटे बोर्ड घेतलेली पोरं बघून लाज वाटेल, वाटू दे. लांब, जाड बोर्ड बारक्या लाटेवरही पळतो. त्यावर फार पुढे झोपलीस तर नाक पाण्यात घुसून तू डोक्यावर आपटशील, फार मागे राहिलीस तर लाट खालून निघून जाईल. नाक पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहिलं की जागा बरोबर. उठताना कडा पकडू नकोस; तळवे बरगड्यांपाशी बोर्डवर टेकव. गुडघ्यांवर उठायची सवय लागली की सुटत नाही. नजर किनाऱ्याकडे, पायांकडे पाहिलंस की पडलीस. लीश, म्हणजे बोर्डची दोरी, मागच्या पायाच्या घोट्याला. बोर्ड तुझ्या आणि लाटेच्या मधे कधीच नको, लाट तो थेट तोंडावर आणते. पडायचं ते पसरून, सूर मारून नाही, आणि वर येताना हात डोक्यावर.

आता तेच, ज्यावर तू फोन ठेवलास. तिथे शांभवी नि नंदिनी समुद्राला मिळतात. ओहोटीला नद्यांचं पाणीही बाहेर धावतं, म्हणून मुखापासून लांबच. इतरत्रही दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधे गडद, गुळगुळीत पट्टा आहे, असं दिसलं तर नवख्याला तीच जागा सोपी वाटते. ओढ तिथेच असते. सापडलीस तर बोर्ड सोडायचा नाही, किनाऱ्याला समांतर हात मारायचे, ओढ संपली की फेसाच्या बाजूने परत. नाही जमलं तर बोर्डवर पडून राहा आणि हात हलव. सरळ किनाऱ्याकडे झुंजत राहिलेला माणूस दमतो, आणि दमला की बुडतो.

नेहरू पार्कच्या तलावात सर “पुरे” म्हणाले तरी तू ओठ निळे पडेपर्यंत पोहत होतीस. तुझं ते न थांबणं मी सगळ्यांना कौतुकाने सांगते. काकूला परवाच सांगितलं. आणि रात्री तेच आठवून झोप उडते.

लेक्चर झालं, माफ कर. पंचविशीच्या मुलीला एवढं सांगू नये, कळतं मला. बाबा काही बोलत नाहीत, पण सकाळी पोह्यांवर शेव घालता घालता मोबाइलवर मुल्कीच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघत बसतात. शेव पार मऊ पडते.

पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याची पुडी वेगळी ठेवली आहे, ओल्या कपड्यांत कोंबू नकोस. पाण्यातून बाहेर आलीस की रोज दोन शब्द टाक. आणि ओहोटी कधी लागते ते तिथल्या कोचला आधी विचारत जा. झालं, नाही लिहीत आता.

तुझी,
आई