रिपोर्टबरोबर एक फोन नंबरही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

21 मार्चच्या जागतिक डाऊन सिंड्रोम दिनाचे फोटो आपल्या अंकात पाहिले. दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातलेली मुलं, मागे बॅनर, पुढे पाहुणे. मोज्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, माझ्या मुलानं तर चार दिवस तेच घातले. पण त्या निमित्तानं एक मागणं मांडते.

माझा धाकटा 1996 साली झाला. रक्त तपासणीला पुण्याला पाठवलं होतं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "मतिमंद राहील, फार अपेक्षा ठेवू नका." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. घरी सासूबाई ग्रहणाला दोष देत होत्या आणि मी स्वतःला. मी सव्वीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. डाऊन सिंड्रोममध्ये पेशीत एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतं, त्यात कुणाची चूक नसते, हे मला सांगणारं कुणी नव्हतं.

ते सांगितलं एसटीतल्या एका बाईनं, तब्बल अकरा महिन्यांनी. कराडहून साताऱ्याला निघाले होते. उंब्रजला ती चढली, बाळाच्या डोळ्यांकडे पाहिलं, सरकून बसली आणि म्हणाली, "माझीपण अशीच हाय. सात वर्सांची." साताऱ्यापर्यंत ती बोलत होती. दूध नाकातून येतं? मग आडवं धरून पाजू नका, बसतं धरा, वाटी-चमच्यानं, घाई न करता. हृदयाची सोनोग्राफी केली का? नाही? (यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, हे मला त्या दिवशी कळलं.) थायरॉइड दर वर्षी बघायचं. पिशवीतल्या लग्नपत्रिकेच्या मागे तिनं हे सगळं माझ्याकडूनच लिहून घेतलं, तिला लिहिता येत नव्हतं. ती पत्रिका अजून माझ्याकडे आहे.

आज आम्ही सात घरं आहोत. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या अंगणात जमतो. सुरुवातीला फक्त आयाच यायच्या, वडील मंडळींना 'काम' असायचं. आता चहा तेच करतात. मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि बँकेत खातं अडलं. त्याची सही चालेना, माझीही चालेना. तेव्हा अशा मुलांसाठीचा राष्ट्रीय न्यास कायदा 1999 सालापासून आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून पालकांना कायदेशीर पालकत्व मिळतं, 'निरामय' नावाचा एक लाखाचा आरोग्य विमा आहे, हे मला अंगणातच कळलं. कुठल्याही खिडकीवर कुणी आपण होऊन सांगितलं नाही. मागच्या पावसाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मुलगा दोन रात्री उंब्रजच्या त्याच बाईंकडे राहिला. त्यांच्या घरातले सगळे टॉवेल घड्या घालून आला. अशी दोन रात्रींची सोय सख्ख्या नातेवाइकांकडेही मागायला जीभ रेटत नाही, हे ज्याच्या घरी असं मूल आहे त्यालाच कळेल.

शेजाऱ्यांचंही सांगायला हवं. हळदीकुंकवाला "तुम्ही एकट्याच या हं" म्हणणाऱ्या आहेत. आणि कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार आहे, जो रोज संध्याकाळी दोन तास माझ्या मुलाला बिस्किटांचे पुडे लावायला बोलावतो. तिथं मध्ये घुसणाऱ्या गिऱ्हाइकाला हा "रांग!" म्हणून दरडावतो. भले भले मागे सरकतात.

आता मागणं. मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेत, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, डाऊन सिंड्रोम आहे आणि त्यासाठी जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे लहानपणीच उपचार सुरू करणारी केंद्रं आहेत. तिथं थेरपिस्ट असतात, ते हवेतच. पण ज्या आईच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय, तिला त्याच दिवशी असं मूल वाढवलेली दुसरी आई भेटायला हवी. तयार असलेल्या पालकांचे नंबर त्यांना विचारून केंद्रात लावा आणि आठवड्यातून एक दिवस आमच्यापैकी कुणाला तरी तिथं बसू द्या. अकरा महिने आणि एक एसटी यांवर हे सोपवू नका.

मानधन नको. आमच्यातल्या तिघी बुधवारी मोकळ्या असतात. बसायला खुर्ची नसेल तर बाकडं चालेल, फक्त ते रिपोर्ट देण्याच्या खोलीबाहेर असावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कराड
(मुलासाठी नाव छापू नये, ही विनंती.)