वनमंत्र्यांना खुले पत्र: रात्री निघालेली पिल्लं रात्रीच समुद्रात जाऊ द्या

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: कोकणातील कासव पर्यटन आणि सह्याद्रीतील सफारी एकत्र आखण्यापूर्वी ठरवायच्या काही गोष्टी

महोदय,

सादर नमस्कार.

मी चिपळूणचा. पुण्या-मुंबईची मंडळी जमवून त्यांना कोकण आणि सह्याद्री दाखवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत सगळ्यात जास्त मागणी असते ती एकाच सहलीला. आधी वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं, मग हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, वाशिष्ठीच्या खाडीत होडीतून मगरी आणि शेवटी कुंभार्ली घाट चढून कोयनेच्या बाजूचं जंगल. लोकांना हे सगळं एका दमात हवं असतं आणि त्यात गैर काही नाही. ज्या पाण्यात कासव येतं ते पाणी आणि ज्या डोंगरातून वाशिष्ठी उतरते तो डोंगर, यांत अंतर गाडीने काही तासांचंच आहे.

तेव्हा शासनानेही आज ना उद्या ‘कासव ते वाघ’ असं काहीतरी आखावं, यात मला आश्चर्य वाटणार नाही. आखावंच. माझं म्हणणं एवढंच, की फलक, कमानी आणि निविदा निघण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावा: सहलीचं वेळापत्रक कोण ठरवणार, प्राणी की पर्यटक?

हा प्रश्न हवेतला नाही. हॅचरीत, म्हणजे कासवाची अंडी राखायच्या कुंपणात, काय घडतं ते आपल्या अधिकाऱ्यांना माहीत आहे, तरी इथे लिहितो, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी फक्त सकाळचा देखावा पाहिलेला असतो. मादी रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि वाळू लोटून निघून जाते. पहाटे कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारा गावातला माणूस, गस्तीला निघतो. वाळूवर पायांचा माग दिसला की तो काठीने अंदाज घेत घरटं शोधतो, एकेक अंडं न फिरवता टोपलीत ठेवतो, त्याच खड्ड्यातली ओली वाळू सोबत घेतो आणि हॅचरीच्या कुंपणात तेवढ्याच खोलीचा, तसाच खड्डा करून अंडी पुरतो. वर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी. पुढे पन्नास-पंचावन्न दिवसांनी त्या जागेवरची वाळू थोडी खचते. त्या खळग्यातून आधी एक डोकं वर येतं, मग खालून ढकलाढकली होऊन सगळी पलटण बाहेर पडते.

आणि हे बहुतेक वेळा रात्री होतं. वाळू थंड झाली की पिल्लांना निघण्याची वेळ कळते. पोटात उरलेल्या बलकावर त्यांचे पहिले दिवस जातात, आणि बाहेर पडल्यावर पहिल्या काही तासांत अंगात जी झपाटल्यासारखी ताकद असते ती किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात पोहोचण्यासाठी असते. आपल्याकडे मात्र पिल्लं सोडायची वेळ ठरलेली: सकाळी साधारण सात आणि संध्याकाळी साधारण सहा. रात्री एक-दोनला निघालेलं पिल्लू पहाटेपर्यंत झाकलेल्या टोपलीखाली वळवळत राहतं. ती ताकद तिथेच खर्च होते. मग उजेडात, कावळे आणि घारी जाग्या असताना, दोरीमागे उभ्या दोनशे मोबाईलसमोर ते पाण्याकडे निघतं.

महोदय, रात्री निघालेली पिल्लं रात्रीच, निघाल्यानिघाल्या, पर्यटक असोत वा नसोत, समुद्रात सोडली पाहिजेत. संध्याकाळी आपणहून एखादं घरटं फुटलं तर लोकांनी ते दोरीमागून जरूर बघावं. नाही फुटलं तर नाही. यात माझं गिऱ्हाईक कमी होईल, हे मला ठाऊक आहे. ‘पिल्लं दिसतीलच ना?’ हा फोनवरचा पहिला प्रश्न असतो. त्यावर ‘सांगता येत नाही’ हे उत्तर द्यायची मुभा मला शासन निर्णयाने मिळाली तर बरं. नाहीतर जो हमी देईल त्याच्याकडे गाड्या वळतात, आणि हमी देणाऱ्याला मग टोपली लागते.

वेळासने हे काम उभं केलं तेव्हा कुठली हमी नव्हती. 2002 मध्ये भाऊ काटदरे आणि त्यांच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे घरटी राखायला सुरुवात केली, त्याआधी अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी सर्रास काढली जायची. नाना फडणवीसांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं वेळास पुढे कासवांचं गाव झालं ते गावकऱ्यांनी ओटी-पडवी पाहुण्यांना मोकळी केली म्हणून. कासव महोत्सव आला, घरगुती मुक्काम आला, केळीच्या पानावरचे मोदक आणि कुळथाचं पिठलं आलं. चार पैसे गाठीला लागले तसं अंडं चोरणं म्हणजे गावाचं नुकसान करणं, हे आपोआप ठरत गेलं. पुढे वन विभाग आणि खारफुटीचं जंगल सांभाळणारा त्याचा कांदळवन कक्ष यांनी हे काम किनाराभर नेलं. आज रायगडपासून सिंधुदुर्गात वायंगणीपर्यंत कासवमित्र गस्त घालतात. सरकारी खात्याने लोकांचं काम हाती घेऊन ते मारलं नाही, अशी उदाहरणं फार नाहीत. त्यामुळेच हे पत्र तक्रारीच्या सुरात लिहावंसं वाटलं नाही.

पण एक गोष्ट बोचते. कासवमित्राचं मानधन हंगामापुरतं. शेवटचं घरटं फुटलं की तो पुन्हा रोजंदारीला किंवा आंबा काढायला. ज्या माणसाला एका किनाऱ्याची वाळू, भरती, भटकी कुत्री आणि कोल्हे यांची इतकी माहिती आहे, त्याला पावसाळ्यातही काम आहे: वाहून आलेली जखमी कासवं, तुटकी जाळी, किनारा किती खचला याच्या नोंदी. त्याला बारमाही पगारावर घ्या. कमानी उभारण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

आता मच्छीमारांकडे येतो, कारण कासव पर्यटनाचा पैसा सगळ्यात कमी पोहोचतो तो त्यांच्याकडे. मुक्काम असतो वाडीतल्या ऐसपैस घरात. कोळी, खारवी, भोई यांची दाटीवाटीची वस्ती पर्यटकाला दिसते ती हर्णैच्या लिलावात फोटो काढण्यापुरती. आणि कासवाची गाठ तर रोज त्यांच्याशीच पडते. कासवाला फुप्फुसं असतात. ट्रॉलरच्या जाळ्यात ते पाण्याखाली अडकून राहिलं की गुदमरून मरतं. 2018 च्या डिसेंबरात राज्याने चांगली योजना आणली: संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि जाळं कापून सोडून दिला, तर त्या जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. छायाचित्र किंवा व्हिडिओ दाखवायचा. ही योजना बंदराबंदरात लोकांच्या तोंडी आहे, आणि आपल्या कोणत्याही महोत्सवापेक्षा तिने जास्त कासवं वाचवली असतील असं माझं मत आहे. पण ही कासव अडकल्यानंतरची तजवीज झाली. मुळात ते अडकू नये म्हणून ट्रॉलच्या जाळ्यात बसवायची ‘टेड’ची चौकट कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्याकडच्या जाळ्यांसाठी तयार केलेली आहे. तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, म्हणतात, त्यातून मासळीही निसटते. थोडी निसटते, खोटं नाही. त्या थोड्या मासळीची किंमत कुणी भरायची? आपल्याकडच्या समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेने जाळ्यात टेड नाही याच कारणावरून दरवाजे बंद केले, त्याची झळही मच्छीमारालाच बसते. मत्स्यव्यवसाय खातं आपल्याकडे नाही हे मान्य. पण एका मंत्रिमंडळात बसणाऱ्या दोन मंत्र्यांनी एका टेबलावर यायला कोकणातल्या मच्छीमाराने किती वर्षं थांबायचं?

माझ्या सहलीत मी पर्यटकांना जमेल तिथे तांडेलाच्या घरी जेवायला नेतो. ताटात ताजा बांगडा असतो आणि बोलण्यात जाळ्याचा भाव, डिझेलचा भाव, एलईडी दिवे लावून मासेमारी करणाऱ्यांवरचा संताप. कासवाबद्दल जे तिथे कळतं ते हॅचरीच्या पाटीवर नसतं. शासनाची सहल आखली गेली तर हा मुक्काम त्यात हवाच, आणि त्याचे पैसे थेट त्या घरात जायला हवेत.

गर्दीचं काय? आजवर गर्दीला एक चाळणी होती. मुंबईहून वेळासला यायचं तर बागमांडल्याला फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावायची, नाहीतर लांबचा वळसा घ्यायचा. बाणकोट खाडीवरचा पूल वर्षानुवर्षं रखडला. रेवस-रेडी सागरी महामार्गात तो आणि बाकीचे पूल एकदाचे झाले की ही चाळणी संपेल. रस्त्याला माझा विरोध नाही, रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचता न येणारी माणसं या बाजूला राहतात. पण दापोलीच्या किनाऱ्यांवर वाळूत गाड्या पळवून त्या भरतीत अडकवणारी मंडळी आज येतात, ती उद्या दुपटीने येतील. त्यांच्या चाकांखालची वाळू हीच घरट्याची जागा आहे. किनाऱ्याला तोंड करून लावलेल्या रिसॉर्टच्या दिव्यांकडे पिल्लं वळतात, कारण त्यांना उजळ क्षितिज म्हणजे समुद्र वाटतो. आणि हे आपल्याच खात्याबद्दल आहे म्हणून जरा दबकत लिहितो: पुळणीवर पार पुढेपर्यंत लावलेलं सुरूचं बन आणि धूप थांबवायला टाकलेले दगडी बंधारे, दोन्ही मादीची जागा खातात. 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारी बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या, अधिसूचनेत कासवांची घरट्यांची जागा सर्वात कडक वर्गात आहे. त्या जागा नकाशावर नीट आखा, आणि बंधाऱ्याच्या प्रत्येक प्रस्तावावर कासवमित्राचं मत घ्या. त्याला विचारायला अजून कुणी येत नाही.

ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येला लाखोंनी माद्या एकदम चढतात. आपल्याकडे त्या एकट्यादुकट्या येतात, म्हणून इथे घरट्या-घरट्याला मोल आहे. आणि या दोन किनाऱ्यांचा संबंध नाही असं आता म्हणता येणार नाही. 2021 मध्ये ओडिशात पंखाला खूण लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. उलट 2023 मध्ये उपग्रह टॅग लावून आपल्याकडून निघालेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पर्यटकांना मी हे सांगतो तेव्हा पिल्लं न दिसल्याची त्यांची निम्मी नाराजी जाते. नकाशावर तिचा मार्ग दाखवणारा एक साधा फलक प्रत्येक कासवगावात लावा. सेल्फी पॉइंट नको.

घाटावर चढल्यावर विषय बदलतो, मुद्दा तोच राहतो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 मध्ये झाला, कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून. ताडोबासारखं इथे तळ्याकाठी वाघ बसलेला मिळत नाही. दाट जंगल, चढउतार, गवा समोरून गेला किंवा शेकरूचा आवाज आला तरी दिवस चांगला. विदर्भातून वाघ आणण्याचा प्रयत्न सुरू झाल्यापासून मला विचारणा होते ती फक्त वाघाची. इथे वाघाची जाहिरात करू नका, ही हात जोडून विनंती. जाहिरात केल्यावर काय होतं ते 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सगळ्यांनी पाहिलं. गोठणगावच्या मार्गावर एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी पुढून-मागून अडवलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या जिप्सीचालकांना दोष देणं सोपं आहे. पण वाघ दिसला तर बक्षिसी आणि नाही दिसला तर शिव्या, हा व्यवहार वरून खाली आलेला आहे. टोपलीखालची पिल्लं आणि अडवलेली वाघीण ही एकाच मागणीची दोन टोकं आहेत.

चांदोली आणि कोयनेच्या खोऱ्यांतून गावं उठली, काही धरणासाठी, काही जंगलासाठी. सफारीतले वाटाडे आणि चालक त्याच घरांमधले असावेत, बाहेरच्या ठेकेदाराचे नसावेत. जंगलालगतच्या गावांसाठी 2015 पासून जन-वन विकास योजना आहे, कांदळवनाच्या गावांसाठी 2017 पासून उपजीविकेची योजना आहे. ताडोब्याच्या गेटवर जमणारा पैसा तिथल्या व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाकडे राहतो आणि त्यातला काही आसपासच्या गावांवर खर्च होतो. कासवांच्या किनाऱ्याला मात्र गेटच नाही. म्हणून तिथे माणशी ठरावीक शुल्क, ग्रामसभेच्या खात्यात जमा, आणि दिवसाला किती माणसं घ्यायची तो आकडाही ग्रामसभेचाच, अशी तरतूद करा. माझ्यासारख्या संयोजकाने ते शुल्क आगाऊ भरल्याशिवाय त्याला गट आणू देऊ नका.

हे जमणार नाही असं कुणी म्हटलं तर त्याला चिपळूण तालुक्यातल्या डुगव्याला पाठवा. तिथे 2020 मध्ये खवले मांजराचा उत्सव झाला, खवलोत्सव, पालखीसकट. तस्करी होणाऱ्या प्राण्याची पालखी गावाने खांद्यावर घेतली. अशा गावांना पर्यटनाचे नियम शिकवायला मंत्रालयातून कुणी येण्याची गरज नाही, त्यांनी केलेल्या नियमांवर सही करायला यावं.

यंदाची पहिली मादी नोव्हेंबरच्या आसपास वर येईल. त्याआधी ऑक्टोबरात आपण एक बैठक दापोलीत घ्यावी, मुंबईत नको. कासवमित्र, तांडेल, घरगुती मुक्काम चालवणाऱ्या बायका आणि कोयनेचे वाटाडे, सगळे येतील. खर्चाची काळजी नको, जेवणाची सोय आम्ही करतो. बैठकीच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय पिल्लं सोडण्याच्या वेळेचा ठेवावा, एवढी विनंती.

कळावे,

आपला विश्वासू,
एक सहल संयोजक, चिपळूण