मत खंय घातलंस?

देवगड,
मृगाचे दिवस

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून म्हणालास, "आई, लोकसभेला मत दिलं, विधानसभेला दिलं, मग राज्यसभेला आपल्याला कोणी विचारतच नाही!" तेवढ्यात रेंज गेली. म्हणून हे सावकाश लिहिते.

विचारत नाहीत हे खरं. राज्यसभेचे खासदार विधानसभेचे आमदार निवडतात. विधान परिषदेच्या आमदारांनाही तिथे मत नसतं. महाराष्ट्राला 19 जागा, तुझ्या मावशीच्या गोव्याला एकच. मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश खासदार निवृत्त होतात, सभागृह मात्र कधी बरखास्त होत नाही. 245 पैकी 12 जणांना राष्ट्रपती नेमतात. आपल्या कोकणातले धर्मशास्त्राचे अभ्यासक भारतरत्न पां. वा. काणे आणि चिपळुणात जन्मलेले नाटककार मामा वरेरकर असेच राज्यसभेत गेले. अशी माणसं वाड्यावाड्यांतून मतं मागत फिरली असती का, सांग. त्या 12 जागांबद्दल माझी काही तक्रार नाही.

मतमोजणी मला स्वतःलाच कधी नीट कळली नव्हती. काल ओटीवर फणसाच्या आठळ्या सुकत घातल्या होत्या, त्यातल्या 288 मोजून घेतल्या. एक आठळी म्हणजे एक आमदार. जागा सहा धरल्या. भागायचं सहाने नाही, साताने, म्हणून जिंकायला 42 मतं लागतात. 42 चे सहा ढीग केले की 36 उरतात, सातवा ढीग होतच नाही. तेच 41 चे केले, तर सात ढीग होऊन वर एक आठळी उरली! सहा जागांना सात जण निवडून आले असते. हे डोळ्यांनी पाहिलं तेव्हा गणित उमगलं.

आमदार निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने नावांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितो. प्रत्येक मताचं मूल्य 100 धरतात, म्हणजे 28800 ला साताने भागून वर एक धरला की कोटा, जिंकायला लागणारं मूल्य, 4115. समज, एकाला पहिल्या पसंतीची 48 मतं पडली, म्हणजे 4800. वरचे 685 फुकट जात नाहीत. त्या 48 मतपत्रिका प्रत्येकी 14 मूल्याने दुसऱ्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. 2022 च्या जूनमध्ये महाराष्ट्रात सहा जागांना सात उमेदवार होते, तेव्हा सहावी जागा दुसऱ्या पसंतीवरच ठरली.

एक गोष्ट मला खटकते. 2003 पासून उमेदवार त्याच राज्यातला रहिवासी असण्याची अट काढली, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला. आपल्या राजापूरचे खासदार राहिलेले सुरेश प्रभू पुढे राज्यसभेवर गेले ते आधी हरियाणातून, मग आंध्रातून. माणूस आपला म्हणून नियम बरा, असं मला म्हणवत नाही. राज्याची बाजू मांडणाऱ्याने त्या राज्याचा पाऊस अंगावर घेतलेला असावा.

2003 मध्येच मतदानही खुलं झालं. आमदाराने मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची. पैशांचा बाजार थांबावा म्हणून हे केलं, ते मला पटतंही. पण ज्यांनी त्याला निवडून दिलं, त्यांना सांगायचं कोणी?

मी ग्रामपंचायतीत होते तेव्हाचं आठवतं का? उपसरपंच आम्ही सदस्यांनी हात वर करून निवडला. दुसऱ्या दिवशी विहिरीवर खालच्या वाडीतल्या काकींनी माझी कळशी धरून ठेवली आणि विचारलं, "माझा मत खंय घातलंस गो?" मी गांगरलेच. पण काकींचं बरोबर होतं. तो हात माझा होता, मत त्यांचं होतं. मी तिथेच उभी राहून कोणाला दिलं, का दिलं ते सांगितलं. रहाटाचा दोर ओला, हात गारठले, तरी त्यांनी सगळं ऐकल्याशिवाय कळशी सोडली नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून आपले आठ आमदार. त्यातल्या एकाला तू या खेपेला पहिल्यांदाच मत दिलंस. गणपतीला येशील तेव्हा ते वाडीत दर्शनाला येतीलच. चहा मी करीन, तू जवळ बस आणि नीट आदराने विचार, राज्यसभेला मतदान होईल तेव्हा पहिली पसंती कोणाला देणार आणि का.

मोजलेल्या आठळ्यांपैकी निम्म्या एसटीच्या पार्सलने पाठवते आहे. मीठ घालून उकड, रूमवरच्या मुलांनाही दे.

तुझी,
आई